स्वेटरवरचा बुटका हत्ती

भाचीच्या स्वेटरवर मला माझ्या लहानपणीच्या चित्रांच्या पुस्तकातला छत्रीवाला हत्ती हवा होता. चौकटीच्या वहीत झकास उतरला. विणल्यावर मात्र दाबून बसवल्यासारखा बुटका. (भाचीला तसाच आवडला, ते सोडा.)

कारण एवढंच की सुलट विणीचा टाका उंचीला कमी आणि रुंदीला जास्त असतो, वहीतली चौकट मात्र चौरस. म्हणून त्याच लोकरीचा, त्याच सुयांवर एक तुकडा विणला, धुऊन वाळवला आणि मोजला: १० सेंमीत २२ टाके, ३० ओळी. कोऱ्या कागदावर त्याच मापाच्या आडव्या चौकटी आखून हत्ती नव्यानं काढला. तुकडा न धुता मोजू नका, लोकर पाण्यात सैल होते.

प्रत्येक रंगाचा गुंडा वेगळा ठेवला. रंग बदलताना दोन्ही धाग्यांना एकमेकांभोवती पीळ द्यायचा, नाहीतर जोडावर भोक पडतं. मागं लांब धागे लोंबत नसल्यानं पोरीची बोटं अडकत नाहीत. डोळा आणि छत्रीची दांडी शेवटी सुईदोऱ्यासारखी लोकर ओवून टाक्यांवरूनच भरली.

साताऱ्यात दुपारी ऊन चटकतं, म्हणून बाह्या केल्याच नाहीत.