जाउस्टिंगचं पथक ठरवताना: आधी मैदान, मग घोडे, मग योद्धे

इंग्लंडमधल्या एखाद्या किल्ल्यावर मध्ययुगीन सोहळा भरवायचा असेल, तर चिलखतधारी स्वारांची भाल्यांची झुंज, म्हणजे जाउस्टिंग, बघायला सर्वाधिक गर्दी होते. आयोजक मात्र पथक निवडताना आधी चिलखतांचे फोटो बघतात. हा खेळ जमतो किंवा फसतो तो जमिनीवर, त्यामुळे सुरुवात तिथूनच करा.

पहिलं काम मैदानाचं. साधारण ८० मीटर लांब आणि ४० मीटर रुंद, सपाट, बिनदगडाची हिरवळ बघा. ती सगळी पायी फिरून सशांची बिळं शोधा. दौडत्या घोड्याचा पाय बिळात गेला तर हाड मोडतं. पावसानं निसरड्या झालेल्या गवतावर घोडा वळताना आणि आवरताना घसरतो. उन्हानं दगडासारखी झालेली जमीनही वाईट, तिचे हादरे थेट त्याच्या सांध्यांना बसतात. दोन्ही टोकांमागे प्रेक्षक अजिबात उभे करू नका, कारण घोडे तिथेच आवरले जातात. भाल्याचं टोक हलक्या बाल्सा लाकडाचं असतं आणि ढालीवर आदळताच त्याच्या ठिकऱ्या उडतात, म्हणून बाजूंना दुहेरी दोरी बांधून मध्ये मोकळी जागा सोडा.

मग काळ ठरवा. दोन स्वारांमधला लाकडी कठडा १५व्या शतकात आला. तुमचा सोहळा १३४६ च्या क्रेसीच्या (इंग्लंड-फ्रान्समधल्या) लढाईचा असेल, तर तो कठडा आणि नखशिखांत पोलादी चिलखत, दोन्ही त्या काळाशी विसंगत. पण इतिहासाच्या अचूकतेपायी कठडा काढायला सांगू नका. घोडे एकमेकांवर आदळू नयेत म्हणूनच तो असतो. त्यापेक्षा १४५५ नंतरचं गुलाबांचं युद्ध, म्हणजे इंग्लंडच्या गादीसाठी दोन घराण्यांत झालेली लढाई, हा विषय घ्या.

पथकाला पहिला प्रश्न हा विचारा: झुंज ठरवून केलेली, की खरी? ठरवलेल्या खेळात कोण पडणार हे आधीच पक्कं असतं आणि पडणारा स्टंटमध्ये तयार असतो. खऱ्या स्पर्धेत गुण मुख्यतः भाले मोडण्यावर मिळतात, स्वार क्वचितच खाली येतो. लोकांना स्वार पडताना बघायचे असतील तर पहिला प्रकार घ्या.

कागदपत्रं पैसे देण्याआधी मागा. प्रदर्शनासाठी प्राणी पाळणाऱ्यांना २०१८ च्या नियमांनुसार इंग्लंडमध्ये स्थानिक कौन्सिलचा परवाना लागतो, आणि प्रत्येक घोड्याचा पासपोर्टही, म्हणजे त्याच्या ओळखीचा अधिकृत कागद. विम्याच्या कागदात घोड्यावरची प्रत्यक्ष झुंज समाविष्ट आहे का, ते शब्दशः वाचा.

करारात स्वार किती, घोडे किती, राखीव घोडा आहे का, मदतनीस आणि निवेदक कोणाचे, कठडा कोण आणणार, हे सगळं लिहून घ्या. दिवसाला अर्ध्या-पाऊण तासाचे दोन खेळ पुरे, मध्ये घोड्यांना भरपूर विश्रांती. जमीन खेळण्याजोगी आहे की नाही, याचा शेवटचा शब्द पथकप्रमुखाचा असावा, आणि पावसामुळे खेळ रद्द झाला तर किती मानधन द्यायचं तेही आधीच लिहा. बहुतेक भांडणं इथेच होतात.

त्या दिवशी प्रत्येक घोड्यामागे २५ ते ५० लिटर पाणी, सावली आणि गर्दीपासून लांब बांधायची जागा लागते. तोफ उडणार असेल तर तिची वेळ स्वारांना आधी सांगा. फुगे आणि ड्रोन बंदच ठेवा. पशुवैद्य फोनवर लगेच मिळेल असा हवा, रुग्णवाहिका मैदानालगत. शिरस्त्राणाचे पट्टे कसे सोडायचे, हे मदतनिसांनी रुग्णवाहिकेच्या कर्मचाऱ्यांना सकाळीच हातानं करून दाखवावं. १५५९ मध्ये फ्रान्सचा राजा दुसरा हेन्री भाल्याची ठिकरी शिरस्त्राणातून डोळ्यात घुसल्यानं दगावला. डोळ्यांपुढची फट आजही चिलखतातली सर्वात धोक्याची जागा आहे.

दोन खेळांच्या मध्ये चार माणसं लावून गवतातल्या ठिकऱ्या वेचून घ्या, नाहीतर दुसऱ्या खेळात त्या खुरांखाली येतात.