बीपी बिघडतो ताटाच्या डाव्या बाजूला: जेवणातल्या या चुका टाळा

गोळी रोजची, भाजीत मीठ निम्मं, तरी आमच्या आबांचा बीपी १६०/१०० च्या खाली येईना. आई कंटाळून म्हणाली, "आता आणखी किती अळणी करू?" मग दोन दिवस मी त्यांच्या ताटाकडे नीट पाहिलं. भाजी बेताची होती. भाकरीत तर मीठ नव्हतंच. पण डाव्या बाजूला ठेचा, शेंगदाण्याची चटणी, लोणच्याच्या दोन फोडी, भाजलेला पापड आणि वर चिमूटभर मीठ वाढलेलं. भाजी अळणी लागते म्हणून ते प्रत्येक घासाला चटणी लावत होते. भाजीतून काढलेलं मीठ दुसऱ्या वाटेनं पोटात जात होतं.

मराठवाड्यात ही चूक घरोघरी दिसते. मोठ्या माणसानं दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे चहाचा सपाट एक चमचा, आणि त्यात लोणचं, पापड, फरसाण सगळं आलं. मीठ जास्त झालं की शरीर पाणी धरून ठेवतं, रक्ताचं आकारमान वाढतं आणि नसांवर दाब येतो. पापडात तर मिठाबरोबर पापडखारही असतो आणि त्यातही सोडियमच असतं.

घरी एक हिशेब करून पाहा. चार माणसांना दिवसाला २० ग्रॅम धरलं तर मिठाचा एक किलोचा पुडा ५० दिवस पुरायला हवा. तुमच्याकडे तो महिन्याच्या आत संपतो का? आमच्याकडे २५ दिवसांत संपायचा, तोही लोणच्याचं मीठ वेगळं धरून. त्या दिवसापासून आईनं ताटात मीठ वाढणं बंद केलं. चटण्या आता जवस, कारळं, लसूण वाढवून आणि मीठ कमी करून होतात. पहिले दोन-तीन आठवडे चव लागत नाही, मग जीभ सरावते. तेवढा धीर धराच.

उपवासाचा दिवस

आषाढीला साबुदाण्याची खिचडी, तळलेले वेफर्स आणि "सैंधव चालतं" ही समजूत. सैंधवही मुख्यतः सोडियम क्लोराइडच आहे, बीपीला ते वेगळं कळत नाही. त्याहून मोठी चूक म्हणजे "पोटात काही नाही" म्हणून त्या दिवशी गोळीच न घेणं. उपवासाच्या आधीच डॉक्टरांना विचारा, पण आपल्या मनानं गोळी चुकवू नका.

उन्हाळा आणि ताक

"घाम जातो, मीठ पाहिजे" म्हणून दिवसभर खारं ताक प्यायलं जातं. रानात दिवसभर राबणाऱ्याची गोष्ट वेगळी. घरात पंख्याखाली बसणाऱ्या बीपीच्या माणसानं ताकात जिरं, कोथिंबीर घालावी, मीठ नको. लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर कडक उन्हात पाणी आणि मीठ किती घ्यायचं, हे डॉक्टरांनाच विचारा.

कमी सोडियमचं मीठ

हे आणण्याआधी थांबा. त्यात सोडियमच्या काही भागाऐवजी पोटॅशियम असतं. मूत्रपिंडाचा त्रास असेल किंवा बीपीच्या काही ठराविक गोळ्या चालू असतील तर रक्तातलं पोटॅशियम वाढून हृदयाचे ठोके बिघडू शकतात. ज्यांना असा त्रास नाही त्यांना हेच पोटॅशियम जेवणातून मिळतं: तूर, हरभरा, पालेभाज्या, केळी. येळवशीच्या (वेळ अमावास्येच्या) भज्जीत, म्हणजे मिश्र भाजीत, पालेभाज्या आणि शेंगदाणे असतात, फक्त मीठ हात आखडून घाला.

सकाळी चहा-खारी, दुपारी घाईत दोन घास आणि रात्री दहाला पोटभर, हे वेळापत्रकही मोडा. उपाशी पोटी हात आधी फरसाणाच्या डब्यात जातो.

बीपी मोजण्याच्या आधी अर्धा तास चहा आणि तंबाखू नको. पाठ टेकून पाच मिनिटं शांत बसा, मगच मोजा. आकडा १८०/१२० च्या वर असेल आणि छातीत दुखत असेल, दम लागत असेल, तोंड वाकडं होत असेल किंवा हात-पाय लुळा पडत असेल, तर घरगुती उपायात वेळ घालवू नका. १०८ ला फोन करा आणि सरळ दवाखाना गाठा.