धुळ्याहून डुमस: पहाटे निघून एकट्याने समुद्र कसा गाठावा

खान्देशातल्या माणसाला समुद्र म्हटलं की मुंबई नाहीतर कोकण आठवतं. पण आपली तापी जिथे समुद्राला मिळते, तो सुरतेजवळचा डुमसचा किनारा धुळ्याहून साधारण अडीचशे किलोमीटरवर आहे. भादवा सरताना, पाऊस ओसरला की हा प्रवास एकदा तरी एकट्याने करा.

दिवस ठरवताना आधी तिथी बघा. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं. खंबातच्या आखाताकडे भरती-ओहोटीतला फरक फार मोठा, त्यामुळे ओहोटीला पाणी लांब जातं आणि मागे नुसता चिखल उरतो. अष्टमीच्या आगेमागे भांगाची भरती असते, तेव्हा हा फरक कमी होतो. वेळ मात्र सुरतेची बघा, मुंबईची चालत नाही.

आदल्या संध्याकाळी गाडी थंड असताना टायरची हवा तपासा. आकडा ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर असतो. वायपर, हेडलाइट, स्टेपनी, फास्टॅगमधली शिल्लक बघून घ्या. नवापूरनंतर गुजरात लागतं, तिथे दारूबंदी आहे. गाडीत बाटली असेल तर घरीच काढून ठेवा. डब्यात दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी घ्या. दशमी एका हाताने खाता येते म्हणून चालवता चालवता खाऊ नका, गाडी थांबवूनच खा.

निघायची वेळ पाच. तीन नाही. हे मी अनुभवाने सांगतो. एकदा हौसेने तीनला निघालो, साक्री, दहिवेल मागे टाकलं आणि कोंडाईबारी घाटाच्या तोंडाशी पोहोचलो तेव्हा गच्च काळोख होता. टपरीवरचे काका म्हणाले, "घाटमा धुई शे भाऊ, जरासा थांबी जाय." मी थांबलो नाही. तिसऱ्या-चौथ्या वळणावर एक बंद पडलेला ट्रक उभा होता, मागचा दिवा नाही, फक्त चाकामागे लावलेले दगड. ब्रेक लागले तेव्हा मध्ये जेमतेम हातभर जागा राहिली होती. पाचला निघालात तर घाटात साडेसहाच्या सुमारास उजाडलेलं असतं. धुकं असेल तर लो बीम ठेवा, वेग उतरवा आणि पुढच्या गाडीपासून अंतर सोडा. काचेवर आतून वाफ धरली तर एसी लावून हवा काचेकडे वळवा.

कोरड्या डांबरावर गुरं बसलेली असतात, त्यांच्याकडे लक्ष असू द्या. नवरात्राच्या दिवसांत सप्तशृंगीला पायी निघालेली माणसं पहाटे रस्त्याच्या कडेने चालतात. त्यांच्या तोंडावर हाय बीम मारू नका.

या रस्त्याचं एक सुख आहे. सकाळी आपण पश्चिमेला जातो, म्हणून सूर्य पाठीशी. दुपारनंतर परतताना पूर्वेला, तेव्हाही पाठीशीच. फक्त आरशात तिरीप येते. आतल्या आरशाखालची छोटी खिट्टी ओढली की ती मंद होते.

एकटे असाल तर दर दोन तासांनी उतरा. नवापूरला पाय मोकळे करा, घरी फोन लावा. तिथलं रेल्वे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत आहे. झोप आली तर काच खाली करून, गाणी लावून भागत नाही. सुरक्षित जागी गाडी लावून वीस मिनिटं सरळ झोपा. महामार्गावर अडचण आलीच तर १०३३, एरवी ११२.

पुढे सोनगढ, व्यारा, बारडोली. १९२८ चा शेतसाऱ्याचा सत्याग्रह झाला तीच ही बारडोली. भूक असेल तर इकडे खमण खा, नाहीतर सुरतेत लोचो.

डुमसची वाळू काळी आहे. गाडी वाळूवर अजिबात उतरवू नका. वरून घट्ट दिसते, खाली चिखल असतो, आणि भरतीचं पाणी वाट बघत नाही. पार्किंगमध्ये लावून पायी जा. पोहायला उतरू नका, एकट्याने तर नाहीच. काठावर बसा. समोरचं पाणी गढूळ दिसेल. भुसावळ, प्रकाशा, उकाई करत आलेली आपलीच माती त्यात आहे.

परत आल्यावर गाडी खालून साध्या पाण्याने धुवा, मिठाच्या हवेने पत्रा गंजतो.