वाटी, ताट, पायताण: ब्रेलमधले पहिले शब्द घरी कसे शिकवावेत

१८३७ साली बोस्टनच्या अंधशाळेत ७ वर्षांची लॉरा ब्रिजमन आली. तिला दिसत नव्हतं, ऐकूही येत नव्हतं. डॉ. सॅम्युअल ग्रिडली हाऊ यांनी चमचा, चावी अशा वस्तूंवर उठावाच्या अक्षरांच्या चिठ्ठ्या चिकटवून तिला शब्द दिले. त्यांच्या पायऱ्या आजही घ्याव्यात, लिपी मात्र नको. डोळसांनाही वाचता यावं म्हणून त्यांनी रोमन अक्षरंच उठावाची केली. बोटांना ती जड गेली आणि ती हाताने लिहिण्याची सोयही नव्हती.

ब्रेल पाटी, टोचणी आणि लग्नपत्रिकेइतका जाड कागद घ्या. ब्रेलचं प्रत्येक अक्षर ६ टिंबांच्या घरात बसतं: वाचताना डावीकडे वरून खाली १, २, ३ आणि उजवीकडे ४, ५, ६. कागद उलटून वाचायचा असतो, म्हणून टोचताना उजवीकडून डावीकडे जा. टोचताना १, २, ३ ही टिंबं उजव्या रांगेत येतात. वाटी अशी: व १-२-३-६, काना ३-४-५, ट २-३-४-५-६, दीर्घ वेलांटी ३-५. सुरुवातीला जोडाक्षर टाळा. म्हणून ‘चप्पल’ नको, आपलं ‘पायताण’ घ्या.

चिठ्ठी वाटीच्या गोलाईवर लावू नका, कागद वाकून टिंबं नीट लागत नाहीत. पालथ्या वाटीच्या तळाला लावा. सेलोटेप वरून मारला तर टिंबं बोथट होतात. पावसाळ्यात कोल्हापुरात कागद सादळतो आणि टिंबं बसतात; चिठ्ठ्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, दबलेली चिठ्ठी लगेच बदला.

आधी ३ वस्तू पुरेत. मुलाला चिकटवलेली चिठ्ठी चाचपू द्या. मग तोच शब्द सुट्या चिठ्ठीवर द्या आणि जुळती वस्तू शोधायला सांगा. हे चुकेनासं झालं की शब्दाची अक्षरं कापून वेगळी करा, आधी ओळीने मांडून दाखवा, नंतर मिसळा.

सगळ्यात जास्त घोटाळा इथेच होतो. सुटा तुकडा उलटा फिरला की व चा थ होतो, ट चा क्ष, काना स होतो आणि दीर्घ वेलांटीची इ. मुलाने बरोबर वाचलेलं असतं आणि आपण त्याला चूक म्हणतो! प्रत्येक तुकड्याचा वरचा उजवा कोपरा तिरका कापा आणि मुलाला आधी तो कोपरा शोधायला शिकवा.

लॉराही आधी नुसती नक्कल करत होती. चिठ्ठी म्हणजे वस्तूचं नाव, हे तिला कित्येक आठवड्यांनी उमगलं. तेवढे दिवस तेच ३ शब्द रोज घ्या, चौथ्याची घाई नको.