शेडमध्ये घसरून पडताय? या चुका टाळा

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल विणायच्या शेडमध्ये मी सुपरवायझर आहे, आणि कुणी पडलं की पहिला डायलॉग ठरलेला, "डोळे कुठं होते बे तुझे?" इथंच चुकतं. आधी फरशी बघा. आमच्याकडं दोन यंत्रमागांच्या मधल्या बोळात एकाच जागी तिघं घसरले, तिघांनाही आम्ही वेंधळं ठरवून मोकळे, नंतर कळलं की मागातनं थेंब थेंब ऑइल गळतंय आणि वर सुताची धूळ बसल्यामुळं ते दिसतच नाही.

आता ऑइल सांडलं की लोकं काय करतात, वरनं बादलीभर पाणी मारतात, म्हणजे हातभर डाग होता तो खोलीभर होतो. त्यापेक्षा लाकडाचा भुसा टाका, शोषू द्या, झाडून घ्या, मग साबणाच्या पाण्यानं धुवून कोरडं करा. तो तेलकट भुसा आणि चिंध्या सुताशेजारी कोपऱ्यात ठेवू नका हां, पेटायला वेळ लागत नाही. आणि गळती बंद केली नाही तर हे सगळं उद्या परत.

सूत संपलेल्या रिकाम्या कांड्या खाली टाकायच्या नाहीत, पाय पडला की माणूस गोटीवरनं गेल्यासारखा जातो. रंगखान्यात तळ घासलेली स्लिपर नको. टॉवेलचे गठ्ठे डोळ्यांच्या वर रचून न्यायचे नाहीत, दोन खेपा करा की.

एक गोष्ट कुणाच्या लक्षातच येत नाही, मे महिन्यातल्या आपल्या सोलापुरी उन्हातनं माणूस एकदम अंधाऱ्या शेडमध्ये शिरला की काही सेकंद त्याला काहीच दिसत नाही, आणि नेमकी तिथंच पायरी. दारात एक चांगला बल्ब लावा, पायरीच्या कडेला पिवळा पट्टा मारा, शंभर-दोनशेचं काम.

पडलेल्याला काखेत हात घालून लगेच उभं करू नका, आधी कुठं दुखतंय विचारा. हात टेकून पडला असेल तर मनगट बघा, सूज असेल तर तेल लावून चोळणं बंद, अंगठी काढा, फडक्यात बर्फ गुंडाळून 15-20 मिनिटं धरा आणि एक्स-रे काढायला न्या. हाड बसवणाऱ्याकडं नंतरही नको.

आणि "किरकोळ आहे" म्हणून अपघाताच्या रजिस्टरला न लिहिणं, हे तर सर्रास चालतं. ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी विमा, असलेल्याला कामावरच्या दुखापतीत घरी बसावं लागलं तर पगाराच्या 90 टक्क्यांपर्यंत मिळतात, पण चार दिवसांनी मनगट सुजून आलं आणि त्या दिवसाची नोंदच नसली, तर तो कामावरच पडला हे दाखवायला बिचारा साक्षीदार शोधत फिरतो.