असिस्टंट कोच बदलला की नेमकं काय बघायचं

रात्री कधीतरी आपल्या फुटबॉल क्लबच्या अकाउंटवर चार ओळींची पोस्ट पडते. अमुक असिस्टंट कोच परस्पर संमतीने क्लब सोडतायत, त्यांच्या योगदानाबद्दल आभार, पुढच्या वाटचालीस शुभेच्छा, संपलं. खाली लगेच कमेंट्सचा पाऊस, अर्धे लोक म्हणतात बास आता आपली वाट लागली, उरलेले म्हणतात बरं झालं गेला, नाहीतरी ट्रेनिंगला प्लॅस्टिकचे कोन मांडण्यापलीकडे करत काय होता. आणि गंमत म्हणजे तो खरंच काय करत होता हे दोन्हीकडच्यांपैकी कुणालाच माहीत नसतं.

मी पण त्यातलाच होतो. 2018 च्या एप्रिल संपता संपता लिव्हरपूलचा असिस्टंट कोच झेल्को बुवाच अचानक रजेवर गेला, तेही चॅम्पियन्स लीगच्या सेमीफायनलची रोमविरुद्धची दुसरी लेग दोन दिवसांवर असताना. हा माणूस 2001 पासून, जर्मनीतल्या मैन्झ क्लबच्या दिवसांपासून हेड कोच क्लॉपसोबत होता, क्लॉप त्याला टीमचा मेंदू म्हणायचा, त्यामुळे मी मित्रांच्या ग्रुपवर मोठा निबंध लिहिला की मेंदूच गेला, आता क्लॉप म्हणजे नुसता टचलाइनवर ओरडणारा माणूस उरला. पुढे काय झालं ते सगळ्यांना माहितीय. त्या वर्षी फायनल हरले, पण 2019 मध्ये चॅम्पियन्स लीग घेतली आणि 2020 मध्ये लीग. माझा तो मेसेज मित्र अजून अधूनमधून वर काढतात.

तेव्हापासून माझी एक पद्धत ठरलीय आणि तीच इथे सांगतो. कोण गेला हे नंतर बघायचं, आधी कुठलं काम गेलं ते शोधायचं, आणि ते काम आता कोण करणार याचं उत्तर मिळेपर्यंत मत बनवायचं नाही.

तर सुरुवात पोस्टमधल्या हुद्द्यापासून. "असिस्टंट कोच" या दोन शब्दांत काहीही मावतं. एक असतो नंबर दोन, म्हणजे हेड कोचचा उजवा हात, रोजचं ट्रेनिंग बऱ्याचदा हाच चालवतो. मग फर्स्ट टीम कोच, एखाद्याकडे डिफेन्स, एखाद्याकडे अटॅक, एखाद्याकडे फक्त तरुण पोरांवर मैदानात वेगळा वेळ घालवायचं काम. गोलकीपिंग कोच वेगळा, फिटनेसवाले वेगळे, व्हिडिओ बघून क्लिप कापणारे अ‍ॅनालिस्ट वेगळे, आणि गेल्या काही वर्षांत भाव वधारलेला सेट-पीस कोच, म्हणजे कॉर्नर, फ्री किक अशा थांबलेल्या बॉलवरच्या चाली बसवणारा. लिव्हरपूलने तर 2018 मध्ये थॉमस ग्रोनेमार्क नावाचा थ्रो-इनचा कोच आणला होता, लोक हसले, पण तो 2023 पर्यंत होता. हुद्दा संदिग्ध असला तर त्या माणसाच्या जुन्या मुलाखती शोधा, खेळाडूंच्या मुलाखती तर त्याहून कामाच्या, कारण खेळाडू सहज बोलून जातात की अमक्यासोबत ट्रेनिंगनंतर थांबून फिनिशिंगची प्रॅक्टिस करतो वगैरे. क्लबच्या निवेदनात हे कधीच मिळणार नाही.

आता दुसरी गोष्ट, हेड कोच स्वतः किती काम अंगावर घेतो. हे फार लोक विसरतात. सर अ‍ॅलेक्स फर्ग्युसन मँचेस्टर युनायटेडमध्ये ट्रेनिंग असिस्टंटच्या हातात देऊन स्वतः बाजूला उभे राहून निरीक्षण करायचे. अशा ठिकाणी नंबर दोन बदलणं म्हणजे रोजच्या ट्रेनिंगचा तोंडवळाच बदलणं. तरीही बघा, 1998 च्या डिसेंबरमध्ये ब्रायन किड ब्लॅकबर्नचा मॅनेजर व्हायला निघून गेला, ऐन सीझनच्या मध्यात, फेब्रुवारी 1999 मध्ये डर्बीहून स्टीव्ह मॅक्लॅरेन आला, त्याच्या पहिल्याच मॅचला युनायटेडने नॉटिंगहॅम फॉरेस्टला त्यांच्या घरात 8-1 धुतलं आणि मे महिन्यात ट्रेबल, म्हणजे लीग, देशाचा कप आणि चॅम्पियन्स लीग एकाच सीझनला. म्हणजे माणूस बदलला पण वर बघणारा डोळा तोच होता, आणि रिकाम्या जागेवर त्या कामाला लायक माणूस आणला होता.

याच्या उलटं बघायचं तर तोच क्लब, 2013. फर्ग्युसन रिटायर झाले, टीम नुकतीच 11 पॉइंटच्या फरकाने चॅम्पियन झालेली, डेव्हिड मॉयेस एव्हर्टनहून आला आणि माइक फेलन, रेने मेउलेनस्टीन, गोलकीपिंग कोच एरिक स्टील अशी सगळी जुनी फळी जाऊन त्यांच्या जागी मॉयेसची एव्हर्टनची माणसं आली. वर्षही पूर्ण झालं नाही, एप्रिल 2014 मध्ये मॉयेसला काढलं, टीम शेवटी सातवी. दोष एकट्या स्टाफबदलाचा नक्कीच नव्हता, टीमचं वय झालं होतं, ट्रान्सफरचा गोंधळ होता, पण खेळाडूंना ओळखणारी, कुणाला कधी रागवायचं आणि कुणाच्या खांद्यावर हात ठेवायचा हे जाणणारी मुख्य माणसं एका झटक्यात बाहेर गेली. म्हणून माझा नियम असा, नवा हेड कोच आपली माणसं घेऊन येणारच, ते सगळीकडे चालतं, त्यावर कुरकुर करण्यात अर्थ नाही, फक्त एवढंच मोजा की जुन्यांपैकी कुणी एकतरी राहिलंय का. एक जरी राहिला तरी ड्रेसिंग रूमचा इतिहास शिल्लक राहतो.

जाण्याचं कारण काय, हे निवेदनातल्या "परस्पर संमती"वरून कळत नाही, पण बाकीच्या खुणांवरून बरंच कळतं. पुढच्या आठवड्यात तो दुसरीकडे हेड कोच म्हणून दिसला तर ते प्रमोशन, त्यात तुमच्या क्लबचं कौतुकच आहे. मँचेस्टर सिटीत गार्डिओलाकडे आर्टेटा 2016 ते 2019 असिस्टंट होता, तिथून आर्सेनलचा हेड कोच. मारेस्का ट्रेबलच्या सीझनला सिटीत असिस्टंट, तिथून लेस्टर, मग चेल्सी. सिटीत ही जागा म्हणजे जवळजवळ हेड कोचची शाळाच झालीय, दर दोन-तीन वर्षांनी विद्यार्थी पास होऊन जातात, त्यात घाबरण्यासारखं काय. दुसरा क्लब पळवून नेतो तेव्हाही तसंच, कॉन्ट्रॅक्ट चालू असेल तर भरपाई मोजून नेतात, म्हणजे माणूस चांगलाच असणार. चिंता कधी करायची, तर टीम सलग हरतेय, हेड कोचला काढायची हिंमत किंवा पैसे नाहीत, आणि मध्येच दोन असिस्टंटना नारळ दिला जातो. याला मी बळीचा बकरा म्हणतो. अशा वेळी नव्या माणसाच्या नावापेक्षा त्याला कुणी आणलं ते बघा, हेड कोचने की स्पोर्टिंग डायरेक्टरने. वरून लादलेला असिस्टंट आला की हेड कोचला कळतं की आपल्या जागी येणारा आधीच आत येऊन बसलाय. जर्मनीच्या बायर्नमध्ये हान्सी फ्लिक 2019 च्या उन्हाळ्यात हेड कोच निको कोवाचचा असिस्टंट म्हणून आला, नोव्हेंबरमध्ये कोवाच गेला, फ्लिकला टीम मिळाली आणि 2020 मध्ये ट्रेबल जिंकला. मुद्दाम तसं ठरवून केलं होतं असं मी म्हणत नाही, पण बेंचवर असा वजनदार माणूस असला की निर्णय घेणं बोर्डाला सोपं जातं एवढं खरं.

इंटरिमचं, म्हणजे तात्पुरत्या हेड कोचचं, मात्र सांभाळून. 2024 च्या ऑक्टोबरमध्ये हेड कोच टेन हाग गेल्यावर युनायटेडमध्ये असिस्टंट असलेल्या रूड व्हॅन निस्टलरॉयला चार मॅच मिळाल्या, तीन जिंकल्या एक ड्रॉ, लोक म्हणायला लागले ह्यालाच ठेवा. नवीन हेड कोच अमोरिम आला आपला स्टाफ घेऊन आणि व्हॅन निस्टलरॉयला जावं लागलं. त्यानंतर तो लेस्टरला गेला आणि त्याच सीझनला लेस्टर खालच्या डिव्हिजनमध्ये रेलीगेट झाले. त्या चार मॅचमधल्या दोन लेस्टरविरुद्धच होत्या हो. पण सगळेच इंटरिम फुसके नसतात, आपला खालिद जमील इंडियन सुपर लीगमधल्या नॉर्थईस्ट युनायटेडमध्ये असिस्टंट होता, 2021 मध्ये सीझनच्या मध्यात टीम हातात आली आणि थेट प्लेऑफपर्यंत नेली. चार मॅच आणि अर्धा सीझन यात हा फरक आहे.

आता खरी मजेची गोष्ट, मॅच बघताना बदल कसा ओळखायचा. सगळ्यात लवकर दिसतो तो सेट-पीस कोचचा हात, कारण कॉर्नर ही पाठ करून घेता येणारी गोष्ट आहे, समोरची टीम हलायच्या आत तुमची माणसं ठरल्या जागी पळतात. निकोलास जोव्हर 2021 मध्ये सिटीहून आर्सेनलला आला, 2023-24 च्या लीग सीझनला आर्सेनलने कॉर्नरवरून 16 गोल केले, प्रीमियर लीगच्या विक्रमाशी बरोबरी. कॉर्नर मिळाला की बेंचकडे बघा, आर्टेटा मागे सरकतो आणि जोव्हर टेक्निकल एरियात, म्हणजे बेंचपुढच्या आखलेल्या जागेत, पुढे येऊन हातवारे करायला लागतो (नियमाने तिथून एका वेळी एकच जण सूचना देऊ शकतो, म्हणून ही अदलाबदल). मग गोलसमोरच्या बॉक्समध्ये बघा, पाच-सहा जण लांबच्या गोलपोस्टपाशी झुंडीने उभे, बॉल सुटला की सगळे एकदम आत घुसतात, एकजण गोलकीपरच्या वाटेत असा उभा की फाउलही नाही आणि हलताही येत नाही, आणि बॉल बरोबर त्या मोकळ्या झालेल्या जागेत. पाच मॅच कॉर्नरच्या वेळी बॉल सोडून फक्त ही माणसं बघा, तुम्हाला टीमच्या ट्रेनिंगमध्ये काय चाललंय ते कळायला लागेल. अजून एक, सबस्टिट्यूट आत यायच्या आधी एक कोच त्याच्यासमोर फोल्डर किंवा टॅबलेट धरून बोटाने दाखवत असतो, कॉर्नरला तू इथे, तुझा माणूस हा. स्टाफ बदलला की ते फोल्डर आता कुणाच्या हातात आहे ते बघायचं, हुद्द्यापेक्षा हे जास्त सांगून जातं.

प्रेसिंग (बॉल हिसकावायला समोरच्यावर धावून जाणं) आणि डिफेन्सिव्ह लाइन (बचावाची फळी किती पुढे उभी राहते) वगैरे बदलायला वेळ लागतो, पूर्ण प्रीसीझन, म्हणजे सीझनआधीचा सराव तरी हवाच, मध्येच आलेल्या कोचकडून ते मागू नका. गोलकीपिंग कोचला क्लीन शीटवरून, म्हणजे एकही गोल न खाल्लेल्या मॅचवरून, जोखू नका, त्यात डिफेन्सचा वाटा मोठा असतो, त्यापेक्षा क्रॉसला गोलकीपर किती पुढे येतो आणि पायात बॉल असताना गडबडतो का ते बघा. तरुण पोरांवर काम करणाऱ्याचा हिशोब तर वर्ष-दीड वर्षानेच लागतो.

आणि क्लब कसा आहे तेही बघायचं, काही क्लब माणूस ठेवतात आणि काही क्लब जागा ठेवतात. ब्रेंटफर्डचं बघा, सेट-पीसचा कोच आधी जोव्हर, त्याला 2019 मध्ये सिटीने नेलं, मग अँड्रियास जॉर्गसन आला, त्याला 2020 मध्ये आर्सेनलने नेलं, मग बर्नार्डो क्वेवा, तो 2024 मध्ये चेल्सीला गेला, मग कीथ अँड्र्यूज आला. दर वेळी माणूस गेला आणि दर वेळी कामाची व्याख्या तयार होती म्हणून पुढचा येऊन बसला. 2025 मध्ये हेड कोच थॉमस फ्रँक टॉटनहॅमला गेला तेव्हा याच अँड्र्यूजला त्यांनी हेड कोच केलं. आणि फ्रँक स्वतः तरी कुठून आला होता, 2018 मध्ये डीन स्मिथ गेल्यावर असिस्टंटच्याच खुर्चीतून.

त्यामुळे पुढच्या वेळी ती चार ओळींची पोस्ट दिसली की एक कागद घ्या, जाणाऱ्याचं काम लिहा, समोर ते आता कोण करणार ते लिहा, माहीत नसेल तर जागा कोरी सोडा आणि ग्रुपवर काही टाकू नका. मग मॅच लागली की पहिल्या कॉर्नरला बॉल सोडून बेंचकडे बघा, कोण उठतंय. तीन मॅच झाल्या आणि कुणीच उठलं नाही, तर मग करा कमेंट, पाहिजे तेवढी मोठी.