उबंटू सर्व्हरचे अपडेट आपोआप, पण भर ऑफिसच्या वेळेत नको

बरेच जण अजूनही क्रॉनटॅबमध्ये (ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कमांडची यादी) ॲप्ट अपग्रेड डॅश वाय, म्हणजे सगळी पॅकेजेस न विचारता अपडेट करणारी कमांड, टाकून मोकळे होतात. ते नका करू. एखाद्या पॅकेजची कॉन्फिग (सेटिंग्जची) फाइल तुम्ही बदललेली असली की अपग्रेड मध्येच विचारतं, जुनी ठेवू की नवी घेऊ, आणि क्रॉनमध्ये उत्तर द्यायला कोणीच नसतं, मग पॅकेज अर्धवट कॉन्फिगर होऊन पडतं आणि पुढचं सगळं अडतं.

उबंटू आणि डेबियनमध्ये यासाठी अनअटेंडेड-अपग्रेड्स हे आपोआप अपडेट करणारं पॅकेज आहे, असले प्रश्न विचारणाऱ्या पॅकेजेसना ते हातच लावत नाही. उबंटू सर्व्हरवर बहुतेक आधीच असतं, नसलं तर सुडो ॲप्ट इन्स्टॉल अनअटेंडेड-अपग्रेड्स (टर्मिनलमध्ये अर्थात रोमन अक्षरांत टाइप करा), मग सुडो डीपीकेजी-रीकॉन्फिगर अनअटेंडेड-अपग्रेड्स चालवून येस म्हणायचं. झालं, २०ऑटो-अपग्रेड्स फाइल तयार, त्यातल्या दोन ओळींपुढे १ म्हणजे रोज, ७ केलं तर आठवड्यातून एकदा, ० म्हणजे बंद.

आता वेळेचं, खरी गंमत इथे आहे. वेळ या फाइलमध्ये नसते, सिस्टमडीच्या (सर्व्हरवरच्या सेवा सुरू-बंद करणारा प्रोग्रॅम) टायमरमध्ये असते, आणि टायमर दोन आहेत, ॲप्ट-डेली डाउनलोड करतो आणि ॲप्ट-डेली-अपग्रेड इन्स्टॉल करतो. या दुसऱ्याची वेळ सकाळी ६, वर ६० मिनिटांपर्यंत रँडम उशीर, जगभरच्या मशीन एकाच मिनिटाला मिररवर (अपडेट पुरवणारे सर्व्हर) तुटून पडू नयेत म्हणून. सकाळी ६ ऐकायला छान वाटतं, पण क्लाउडवरचा सर्व्हर सहसा यूटीसीवर (आपल्या साडेपाच तास मागे असलेली जागतिक वेळ) चालतो, म्हणजे आपले साडेअकरा! त्या दिवशी डेटाबेसचा पॅच आला असेल तर साडेअकरा ते साडेबारात कधीतरी डेटाबेस रीस्टार्ट होणार, नेमके सगळे लॉगिन करून बसलेले असताना.

म्हणून सुडो सिस्टमसीटीएल एडिट ॲप्ट-डेली-अपग्रेड डॉट टायमर द्या, वर चौकटी कंसात टायमर लिहा, खाली ऑनकॅलेंडर बरोबर (म्हणजे = हे चिन्ह) आणि पुढे काहीच नाही, त्याखाली परत ऑनकॅलेंडर बरोबर २१:३०, म्हणजे सर्व्हर यूटीसीवर असेल तर आपले पहाटेचे ३. ती रिकामी ओळ विसरू नका, नाहीतर जुनी वेळ जात नाही, नवी तिच्यात नुसती जमा होते आणि टायमर दोन्ही वेळांना सुटतो. उशीर कमी हवा तर रँडमाइझ्डडिलेसेक बरोबर १५एम (१५ मिनिटं). मग टायमर रीस्टार्ट करा आणि सिस्टमसीटीएल लिस्ट-टायमर्सने पुढची वेळ बघून घ्या. लॅपटॉप त्या वेळी बंद असला तर काम बुडत नाही, चालू केल्यावर होतं.

काय अपडेट करायचं ते ५०अनअटेंडेड-अपग्रेड्स फाइलमध्ये. उबंटूत मुळात सिक्युरिटी अपडेटच चालू असतात, तेवढंच राहू द्या. डेटाबेस वगळायचा असेल तर पॅकेज-ब्लॅकलिस्टमध्ये नाव टाका, पण मग त्याचे पॅच तुम्हालाच हाताने मारावे लागतील. बदल केला की सुडो अनअटेंडेड-अपग्रेड, पुढे डॅश डॅश लावून ड्राय-रन आणि तसंच डीबग, काहीही इन्स्टॉल न करता काय करणार ते दाखवतं. झालेल्या कामाची नोंद, म्हणजे लॉग, /व्हार/लॉग खाली अनअटेंडेड-अपग्रेड्स नावाच्या फोल्डरमध्ये.

राहिला रीबूट. नवा कर्नल (सिस्टमचा गाभा) रीबूटशिवाय लागू होत नाही आणि ऑटोमॅटिक-रीबूट मुळात फॉल्स असतं. ट्रू केलंत तर ऑटोमॅटिक-रीबूट-टाइमही द्या, नाहीतर अपडेट संपल्या संपल्या मशीन रीबूट होते. मी तरी फॉल्सच ठेवतो, /व्हार/रन मध्ये रीबूट-रिक्वायर्ड फाइल दिसली की सोयीने रीबूट मारतो.